भाडं २८,८००, हातात उरले उणे साडेतीन हजार: एकट्या गाडीवाल्याचा पैसा दलालाकडे कुठे अडकतो

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून इंदूरला सळई भरणारी दहा टायर गाडी घ्या. दलाल फोनवर सांगतो: अठरा टन, टनाला १,६००, ऐंशी टक्के ॲडव्हान्स, बाकी पोच आल्यावर. भाडं झालं २८,८००. ॲडव्हान्सचे २३,०४० येतात ते असे: १५,००० ची डिझेल पर्ची, तीही दलालाच्याच ओळखीच्या पंपावरची, ५०० दलाली कापून आणि ७,५४० ऑनलाइन. बॅलन्स राहिला ५,७६०. माल उतरतो, पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची प्रत) जाते, दोन महिने फोन उचलला जात नाही आणि मग खात्यात येतात ८७२ रुपये. विचारलं तर हिशेब तयार असतो: चाळीस किलो घट, किलोला ६० प्रमाणे २,४००, इंदूरची वाराई (माल उतरवण्याचे पैसे) ९००, गाडी उशिरा लागली म्हणून १,०००, टीडीएस २८८, मुनशीयाना (मुनशीचा, म्हणजे कारकुनाचा आकार) आणि पोचखर्च ३००.

आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण कळंबोली, जालना, भिवंडी, वाळूज, चाकण, कुठूनही भरा, कापाकापी याच नावांनी होते. एक-दोन गाड्यांच्या मालकाला ती का झेपत नाही, हे खर्च मांडला की दिसतं. नाशिक, धुळे, सेंधवामार्गे अंतर साधारण ६०० किलोमीटर. भरल्या गाडीला घाटांसकट लिटरला चारचं ॲव्हरेज धरलं तर १५० लिटर, ९० च्या भावानं १३,५००. टोल ४,००० धरा, चालकाचा भत्ता आणि रस्ताखर्च २,५००, टायरची झीज किलोमीटरला अडीच रुपये म्हणजे १,५००. भरण्याची वाट पाहण्यासकट तीन दिवस गेले, तर ४५,००० च्या मासिक हप्त्यातले ४,५०० आणि विमा, परमिट, टॅक्सचे मिळून ९००. एकूण २६,९००. सगळं भाडं हातात आलं असतं तरी उरले असते १,९००. दलाली धरून कापले गेले ५,३८८. म्हणजे साडेतीन हजार पदरचे घालून दुसऱ्याची सळई इंदूरला नेऊन दिली. भाव कमी आहे ही ओरड खरीच आहे, पण त्या कमी भावातलेही पैसे पुढे कसे गळतात तिकडे लक्ष कमी जातं.

मुळात १,६०० हा भाव कोणाचा? पार्टी, म्हणजे मालवाला, ट्रान्सपोर्टरला २,००० देत असेल, ट्रान्सपोर्टरनं कळंबोलीच्या दलालाला १,८०० ला गाडी मागितली असेल आणि त्यानं आणखी एकाला. गाडीवाल्याशी बोलतो तो शेवटचा. म्हणून भावावर घासाघीस करण्याआधी एक प्रश्न विचारायचा: बिल्टी (मालासोबतची वाहतूक पावती) कोणाच्या नावाची फाटणार? ज्याच्या नावाची फाटणार, त्याचा जीएसटी नंबर मागा. जीएसटीच्या पोर्टलवर तो कोणालाही तपासता येतो: नाव, पत्ता, कधीपासून नोंदणी आहे, चालू आहे की रद्द झाली. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ मध्ये ‘कॉमन कॅरियर’च्या व्याख्येत बुकिंग एजंट आणि ब्रोकरही येतात आणि त्यांना नोंदणी सक्तीची आहे. तो नोंदणी नंबर विचारला की निम्मे ‘शेठ’ फोन ठेवतात. ठेवू द्या.

आता सगळ्यात महागात पडणारा प्रकार, आणि तो चांगल्या भावाच्या रूपानं येतो. बाजार १,६०० चा असताना कोणीतरी १,९०० बोलतो. आरसी, लायसन्स, पॅन आणि कॅन्सल चेक व्हॉट्सॲपवर मागवतो, लोडिंगचा पत्ता देतो आणि वर सांगतो, “दादा, गेटवर भाड्याचं काही काढू नका हं. पार्टी जुनी आहे, मालक चिडतात.” हाच माणूस त्याच वेळी खऱ्या ट्रान्सपोर्टरशी गाडीमालक बनून बोलत असतो. त्याला तुमच्याच गाडीचे कागद पाठवतो, भाव १,५०० सांगतो आणि ॲडव्हान्ससाठी स्वतःचा खाते नंबर देतो. गाडी लागते, माल भरतो, बिल्टी फाटते, ट्रान्सपोर्टर इमानदारीत ॲडव्हान्स पाठवतो, तो मधल्याच्या खात्यात जातो आणि फोन बंद होतो. गेटवर उभे राहिलेले दोघंही खरं बोलत असतात: ट्रान्सपोर्टर म्हणतो पैसे दिले, चालक म्हणतो मिळाले नाहीत. आणि गाडीत दुसऱ्याची दहा लाखांची सळई.

याला आडवं येणारं एकच काम आहे, ते म्हणजे भरण्याआधी मुनशीला तोंडावर विचारणं: भाडं काय लिहिलंय, ॲडव्हान्स कोणत्या खात्यात जाणार? चालकाला हे विचारायची मुभा मालकानं स्पष्ट दिलेली असावी, कारण “गेटवर बोलू नका” ही ताकीद त्यालाच दिलेली असते. मालकानं ट्रान्सपोर्टरला फोन करायचा तो बिल्टीवर छापलेल्या नंबरावर. दलालानं दिलेल्या नंबरावर त्याचाच भाऊबंद बसलेला असू शकतो. पैसे आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात घ्यायचे. कागद पाठवताना फोटोवर आडवं लिहा: ‘फक्त कळंबोली–इंदूर खेपेसाठी’ आणि तारीख. असा कागद दुसऱ्या सौद्यात चालवणं अवघड जातं.

हे सगळं भरल्यानंतर पण गेटच्या आत असताना कळलं, तर तिथेच थांबा. ट्रान्सपोर्टरनं भाडं नव्यानं लिहून द्यावं, नाहीतर माल तिथेच उतरवून घ्यावा. गेटबाहेर पडून माल अडवायचा आणि पैशाची मागणी करायची, हा सल्ला ढाब्यावर हमखास मिळतो. तो ऐकू नका. वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. समोरच्यानं आधी तक्रार दिली तर फसवला गेलेला गाडीवालाच आरोपी म्हणून उभा राहतो.

‘टोकन’, ‘गेटपास’, ‘लोडिंग अनामत’ अशा नावांनी गाडीवाल्याकडूनच हजार-दोन हजार आधी मागणारे वेगळे. त्यांच्याकडे माल नसतोच. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, एवढं चालकाला पाठ करून ठेवा. गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

घटीकडे येऊ, कारण प्रामाणिक दलालाकडेही गाडीवाला इथे मार खातो. सळई रस्त्यात आटत नाही. चाळीस किलो गेली कुठे? बहुतेक वेळा टाकीत. डिझेलचं वजन लिटरला साधारण ८३० ग्रॅम. रिकाम्या गाडीचा काटा (वजन) झाला, मग हातात पर्ची आली म्हणून चालकानं पंपावर जाऊन १५० लिटर भरलं, मग माल भरून भरला काटा केला, तर डिझेलचे जवळजवळ १२५ किलो बिल्टीवर सळई म्हणून चढतात. इंदूरला भरला आणि रिकामा असे दोन्ही काटे तासाभरात होतात, तिथे खरं वजन निघतं आणि ‘घट’ चालकाच्या नावावर पडते. म्हणून डिझेल रिकाम्या काट्याच्या आधी भरा, नाहीतर भरल्या काट्यानंतर. दोन काट्यांच्या मध्ये कधीच नाही.

दुसरी चलाखी उतरवताना होते. रिकामा काटा करायचा कंटाळा म्हणून तिथला बाबू इकडच्या भरल्या वजनातून तिकडचं भरलं वजन वजा करतो. वाटेत १५० लिटर जळलं तर गाडी तेवढ्यानंच सव्वाशे किलो हलकी झालेली असते. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवरून उचलणारेही भेटतात. नवी फळ्यांची बॉडी, जादा स्टेपनी, रस्सी, ताडपत्री आरसीत नसते. दोन्ही ठिकाणी भरला आणि रिकामा अशा चार काटापावत्या हव्यात, नेटमधून नेट (भरलं वजा रिकामं) वजा करायचं. क्लीनर केबिनमध्ये बसला असेल तर चारही वेळा बसलेला असावा. ताडपत्रीचंही तसंच, आणि पावसात भिजलेली ताडपत्री वेगळं वजन दाखवते हे लक्षात ठेवा. शिवाय दोन काट्यांमध्ये थोडा फरक पडणारच. तेवढी सूट किती किलोंची, हे भरण्याआधी ठरवून घ्यायचं.

जादा वजनाचं आमिष थोडक्यात. “दोन टन जास्त घाल, टनावर भाडं आहे” म्हणजे ३,२०० रुपये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वरच्या दर टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. २०१८ पासून तीन ॲक्सलच्या दहा टायरला एकूण २८.५ टन वजनाची मर्यादा आहे. त्यातून स्वतःच्या गाडीचं काट्यावरचं रिकामं वजन वजा करा. पकडल्यावर दलाल त्या दिवशी गावाला गेलेला असतो.

हमाली आणि वाराई हे जुनं दुखणं. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही महाराष्ट्रातल्या गाडीवाल्यांची घोषणा आहे, पण ती घोषणा सौद्यात लिहिलेली नसेल तर उतरवण्याच्या जागी तिला कोणी विचारत नाही. सौदा लिहायचा म्हणजे कुठे? बिल्टीवर गाडीचं भाडं बहुधा नसतंच, तिथे पार्टी आणि ट्रान्सपोर्टरचा मामला असतो. लॉरी चलन किंवा भाडेचिठ्ठी मागा. ती देत नसतील तर गाडी लावण्याआधी दलालाला व्हॉट्सॲपवर असा निरोप टाका:

“गाडी नं. …, कळंबोली ते इंदूर, सळई, टनाला १,६००, गॅरंटी १८ टन. ॲडव्हान्स ८० टक्के, गेटबाहेर पडण्याआधी, आरसीवरच्या नावाच्या खात्यात. दोन्हीकडची हमाली-वाराई पार्टीची. पोहोचल्यापासून २४ तासांनंतर हॉल्टिंग दिवसाला २,०००. घट दोन्हीकडच्या नेट वजनावर. बॅलन्स पोच दिल्यापासून १५ दिवसांत. मंजूर असेल तर ‘मंजूर’ लिहा.”

‘गॅरंटी १८ टन’ हे शब्द सोडू नका. पार्टीनं पंधरा टनच भरले तरी भाडं अठराचं मिळतं. नाहीतर तीन टनांचे ४,८०० गेले. समोरून अंगठ्याचं चित्र आलं तर पुन्हा विचारा, शब्दातच उत्तर घ्या. “आपला घरचा धंदा आहे, लिहायचं काय त्यात” म्हणणाऱ्याकडून तर आधी लिहून घ्या.

हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, मागायचे तर पोहोचल्याची वेळ सिद्ध करावी लागते. फास्टॅगच्या शेवटच्या टोलनाक्याचा मेसेज ठेवा आणि पोहोचल्याबरोबर बिल्टीच्या पाठीमागे गेटवरच्या माणसाकडून तारीख, वेळ, शिक्का घ्या. शनिवारी दुपारी पोहोचलेली गाडी सोमवारी खाली होते आणि नोंद सोमवारचीच होते. वर हाच ‘उशीर’ म्हणून कापला जातो. ई-वे बिलाची (जीएसटीखालच्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाची) मुदतही याच दिवसांत संपते. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं ६०० किलोमीटरला तीन दिवस मिळतात. मुदत संपण्याआधी आठ तास किंवा नंतर आठ तासांतच ती वाढवता येते. वाढवायला ट्रान्सपोर्टरला सांगितल्याचा मेसेज हवा. अडकलेल्या मालावर कराच्या दुप्पट दंड लागू शकतो आणि तो भरेपर्यंत गाडी उभी राहते. ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, आपल्याच गाडीचा नंबर आहे ना, हे निघतानाच बघायचं.

पोच देताना शेरा वाचा. इंदूरला हिंदीत लिहिलेलं चालक वाचेल, होसूर-चेन्नईकडे तमिळमध्ये कोपऱ्यात ‘४० किलो कमी’ लिहिलं तर कळणारही नाही. सही घेण्याआधी विचारून घ्या, पटला नाही तर शेजारी ‘घट मान्य नाही, चार काटापावत्या सोबत’ असं लिहून चालकानं सही करायची. दोन्ही बाजूंचे फोटो तिथेच काढा. मूळ पोच दलालाच्या पोऱ्याकडे पावतीशिवाय सोपवू नका. स्पीड पोस्टनं ट्रान्सपोर्टरच्या पत्त्यावर पाठवा किंवा फोटोप्रतीवर पोचपावती घ्या. “पोच मिळालीच नाही” या एका वाक्यावर महिने निघतात.

टीडीएसचे २८८ किरकोळ वाटतात, पण वर्षाच्या खेपा मोजा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४सी(६) मध्ये सवलत होती: दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकानं पॅनसह डिक्लरेशन दिलं तर कापायचं नाही. नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा आताचा नमुना करसल्लागाराकडून घेऊन दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्या. तरी कापला तर तो आपल्या पॅनखाली जमा दिसतो का, ते आयकर पोर्टलवर बघा. दिसत नसेल तर ती दलालाचीच कमाई.

आणि बुडालेल्या बॅलन्सचं काय? गाडीचा धंदा उद्यम पोर्टलवर (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीत) नोंदवलेला असेल तर एमएसएमई कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. नोंदणी मात्र त्या खेपेच्या आधीची हवी. चेक मिळाला आणि वटला नाही, तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार. दलाल “पुढच्या आठवड्यात घाल, खात्यात पैसे येतायत” म्हणत राहतो ते हे ३० दिवस उलटावेत म्हणून. मेमोवरची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा आणि नोटीस विसाव्या दिवशीच पाठवा.