लूप अडवायला काय लावाल: लूप डिटेक्शन, एसटीपी की आरएसटीपी?

खानापुरातल्या एका पतसंस्थेत झाडलोट करताना लोंबकळणारी पॅचकॉर्ड दिसली. निसटली असेल म्हणून कुणीतरी ती स्विचमध्ये, म्हणजे सगळी मशीन केबलने जोडणाऱ्या डब्यात, खोचली. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं, म्हणजे लूप, बंद फेरा, तयार झाला. मिनिटभरात काउंटरवरचं काम ठप्प झालं आणि पासबुक घेऊन आलेली माणसं ताटकळत उभी राहिली. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती टप्पे जगायचं याची मर्यादा, असतो, तसा इथरनेट फ्रेमला (केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला) नसतो. लूपमध्ये शिरलेला ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेली फ्रेम, फिरतच राहतो आणि प्रत्येक फेरीत बाकीच्या पोर्टांवर त्याच्या प्रती सुटतात. म्हणून काहीच न लावणं हा पर्याय मी धरतच नाही.

एकच स्विच असेल आणि पर्यायी केबल टाकायची नसेल, तर लूप डिटेक्शन पुरतं. स्विच स्वतःची एक फ्रेम सोडतो आणि ती परत आली की पोर्ट बंद करतो. पण एक केबल तुटली तर दुसरी आपोआप चालू करणं त्याला जमत नाही.

दोन इमारतींमध्ये दोन केबल टाकायच्या असतील, तर खरी निवड एसटीपी आणि आरएसटीपी यांच्यातच आहे. दोन्ही जादा वाट बंद ठेवून लूप टाळतात आणि गरज पडली की ती उघडतात; आरएसटीपी ही एसटीपीची जलद आवृत्ती. एसटीपीमध्ये नवा पोर्ट ऐकण्यात १५ आणि शिकण्यात १५ सेकंद घालवतो. लाइन तुटली तर मूळ वेळांप्रमाणे ३० ते ५० सेकंद जातात. पावसाळ्यात खानापूर भागात वीज सारखी ये-जा करते, तिथे हे फार जाचतं. वीज आली की पीसी आयपी मागतो, पोर्ट अजून उघडलेला नसतो, आणि मशीन स्वतःच ठरवलेला, इथे कामाचा नसलेला १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतं. आरएसटीपी २००१ साली आलं ते हाच वेळ कमी करायला. लिंक फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणारी) असेल, तर ते बहुधा एक-दोन सेकंदांतच पर्यायी वाट उघडतं. शेजारी जुना एसटीपी स्विच असला तरी चालतं, मात्र त्या पोर्टावर वेग जुनाच राहतो.

माझा कौल आरएसटीपीला. पण नुसतं चालू करून सोडू नका. सगळ्या वाटा ज्याच्यापासून मोजतात तो रूट स्विच प्रायोरिटीवरून ठरतो, लहान आकडा जिंकतो. ती सगळीकडे मूळची ३२७६८ ठेवली, तर सर्वांत लहान मॅक (कारखान्यात दिलेल्या) पत्त्याचा स्विच रूट होतो, आणि तो नेमका कोपऱ्यातला जुनाट डबा निघू शकतो. मुख्य स्विचला ४०९६ द्या, त्याच्या जोडीदाराला ८१९२. पीसी आणि प्रिंटरचे पोर्ट एज (टोकाचे) करा, म्हणजे ते लगेच उघडतील, आणि त्यांच्यावर बीपीडीयू गार्ड लावा: बीपीडीयू, म्हणजे स्विच एकमेकांना पाठवतात ते एसटीपीचे संदेश, तिथे आले की तो पोर्ट बंद करतो. स्विचला स्विच जोडणाऱ्या पोर्टांवर मात्र हे दोन्ही नकोत. टेबलाखालचे काही स्वस्त स्विच बीपीडीयू गिळतात. त्यामागचा लूप आरएसटीपीला दिसतच नाही. म्हणून त्या पोर्टांवर लूप डिटेक्शनही राहू द्या.

लिनक्स बॉक्सवर ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) केला असेल तर आधी तपासा, तिथे एसटीपी मुळात बंद असतं. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांमधल्या ब्रिजवर आरएसटीपी मुळातच चालू असतं. एमएसटीपीचा, म्हणजे याच कुळातल्या आणखी एका पद्धतीचा, विचार बरेच व्हीलॅन (एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्क) वेगवेगळ्या वाटांनी न्यायचे असतील तरच करा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मोठ्या कारखान्याला ते लागेल, चार काउंटरच्या शाखेला नाही.

सगळं लावून झालं की संध्याकाळी, काउंटर बंद झाल्यावर, पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतंय का ते तपासणारा संदेश) चालू ठेवून मुख्य केबल काढा. दोन-चार पिंग चुकले तर ठीक. अर्धा मिनिट शांतता पसरली, तर कुठला तरी पोर्ट अजून जुन्या एसटीपीवर चालतोय. तो शोधूनच घरी जा.