डॅनियल बूनच्या मागावर आठ महिने : जुनी अमेरिकी दप्तरं चाळून आलेला अनुभव

आधीच सांगते, बून घराण्याशी माझा काडीचाही संबंध नाही. मी कराडकडची. नोकरीसाठी केंटकीत, लेक्सिंग्टनला येऊन पाच वर्षं झाली. शेजारच्या घरात ऐंशीला टेकलेल्या एक आजी राहतात. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी मला घरातलं जुनं बायबल दाखवलं. मधल्या कोऱ्या पानांवर पिढ्यानपिढ्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू शाईनं लिहिलेले. आणि सगळ्यात वर, वेगळ्याच हस्ताक्षरात, एक ओळ : इस्रायल बून, डॅनियलचा मुलगा.

डॅनियल बून म्हणजे इकडचं मोठं प्रस्थ. १७७५ मध्ये डोंगरातून वाट काढून केंटकीत वस्ती बसवणारा, बून्सबरो ज्याच्या नावावर आहे तो. "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतेस, एवढं बघून दे," आजी म्हणाल्या. एका रविवारचं काम, असं मला वाटलं होतं. आता एप्रिल संपत आलाय.

ज्यांना असाच कुणी जुना वसाहतवाला शोधायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पैसे आणि रविवार दोन्ही वाचतील.

पहिली चूक सगळे करतात तीच मी केली. नाव टाकलं, दुसऱ्यांनी लावून ठेवलेले तयार वंशवृक्ष उघडले आणि तासाभरात आजींना डॅनियलच्या मांडीवर नेऊन बसवलं. त्या इतक्या खूश झाल्या की केक घेऊन आल्या. रात्री सहज तारखा पाहिल्या. डॅनियलचा मुलगा इस्रायल १९ ऑगस्ट १७८२ ला ब्लू लिक्सच्या लढाईत, बापाच्या डोळ्यांदेखत मारला गेला. तेवीस वर्षांचा होता. आणि झाडावर त्याच्या नावाखाली लटकवलेलं मूल जन्मलं होतं १७८४ मध्ये. तसंच झाड आणखी अकरा जणांनी जसंच्या तसं उचललेलं. एकानं चूक केली की बाकीचे तिला पुरावा म्हणून दाखवतात, असा तो कारभार. केक तोवर संपला होता.

मग मुळापासून सुरुवात केली. फॅमिलीसर्च ही साईट मोफत आहे, खातं उघडलं की झालं. सॉल्ट लेक सिटीतल्या मॉर्मन चर्चची संस्था ती चालवते. त्यांनी जगभर फिरून दप्तरांची मायक्रोफिल्म केली आणि २०२१ पर्यंत सुमारे २४ लाख रिळं स्कॅन करून टाकली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा फिल्म त्यांच्याकडे आहे, म्हणजे वंशावळीचं वेड काय चीज आहे ते त्यांना कळलंय. काही पानं घरी उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन पाहावी लागतात. मला ग्रंथालय जवळ होतं, त्यामुळे त्रास झाला नाही.

डॅनियलचा जन्म पेन्सिल्व्हेनियात, आज ज्याला बर्क्स काउंटी म्हणतात तिथला (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). आईवडील क्वेकर पंथाचे, आणि क्वेकर लोक नोंदींच्या बाबतीत आपल्या कुलकर्ण्यांच्याही वरचढ. कोण जन्मलं, कोणी कोणाशी लग्न केलं, कोणाला पंथाबाहेर काढलं, सगळं मासिक सभेच्या वहीत. मुलानं पंथाबाहेर लग्न केलं आणि बापानं माफी मागितली नाही म्हणून डॅनियलचे वडील स्क्वायर बून यांना १७४८ मध्ये बाहेर काढलं, तेही तिथं आहे. फक्त तारखा वाचताना डोकं ठिकाणावर हवं. क्वेकर महिन्यांना नावं देत नसत, नुसते आकडे. आणि १७५२ पर्यंत तिथलं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणून त्या वह्यांतला 'आठवा महिना' म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. आपल्याला हे पटायला जड जाऊ नये : ऑक्टोबरात अष्ट, नोव्हेंबरात नव, डिसेंबरात दश दडलेलेच आहेत. त्यात १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलताना अकरा दिवस गाळले. म्हणून डॅनियलची जन्मतारीख कुठे २२ ऑक्टोबर १७३४ दिसते, कुठे २ नोव्हेंबर. दोन्ही बरोबर. मी यावर एक आख्खा शनिवार घालवला.

पुढे कुटुंब नॉर्थ कॅरोलायनात यॅडकिन नदीच्या खोऱ्यात गेलं, १७५६ मध्ये डॅनियलचं रिबेका ब्रायनशी लग्न झालं. इथवर गाडी बरी चालते. डोंगर ओलांडून केंटकीत शिरलात की रस्ता संपतो. जन्मनोंद नाही, चर्चची वही नाही. जनगणना म्हणावी तर पहिली १७९० ची, आणि केंटकीची १७९० ची आणि १८०० ची, दोन्हींची पानं गहाळ. शिवाय १८५० पर्यंत जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीची माणसं म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. बायका तर जणू नव्हत्याच.

त्यात काउंटीचा घोळ. १७७६ मध्ये आख्खं केंटकी ही व्हर्जिनियाची एक काउंटी होती. १७८० मध्ये तिच्या तीन झाल्या, १७९२ मध्ये वेगळं राज्य झालं, आज १२० काउंट्या आहेत. ब्लू लिक्सचं रणांगण लढाईच्या वेळी फेएट काउंटीत होतं, आज ते रॉबर्टसन काउंटीत आहे, आणि ती काउंटी जन्मली १८६७ मध्ये. ज्यांनी रत्नागिरीत जन्मून सिंधुदुर्गाचा दाखला काढलाय किंवा ठाण्याचे पालघरवाले झालेत, त्यांना मी काय सांगणार. माणूस जागचा हलत नाही, दप्तर हलतं. म्हणून शोधताना आजचं नाव नको, त्या वर्षी ती जमीन कुठल्या काउंटीत होती ते आधी पाहा.

मला खरा उजेड पडला तो करयादीत. केंटकीच्या १७९० नंतरच्या करयाद्या म्हणजे सोन्याची खाण. माणसाचं नाव, जमीन किती एकर, कुठल्या ओढ्यावर, ती मुळात कोणाच्या नावानं नोंदली, कोणाच्या नावानं मोजली, कोणाच्या नावानं सनद निघाली, घरात एकवीस वर्षांवरचे पुरुष किती, घोडे किती. एका ओळीत इतकं. माझे आजोबा सर्कल इन्स्पेक्टर होते. सुट्टीत आम्ही त्यांच्या ओसरीवर खेळायचो आणि ते फेरफार वाचत बसायचे. त्या याद्या पाहिल्यावर मला पहिल्यांदा या देशात ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं झालं. एकाच नावाचे दोघे असले तर ओढ्याच्या रकान्यावरून ते वेगळे काढता येतात. दरवर्षी हॅरड क्रीकवर असणारा माणूस आणि दरवर्षी लिकिंग नदीवर असणारा माणूस एक नसतो.

त्याच ओळीत आणखी एक रकाना असतो, गुलामांचा. बहुतेक ठिकाणी नुसता आकडा, घोड्यांच्या शेजारी. १७८७ पर्यंत डॅनियल बूनकडे सात गुलाम होते. त्यांच्या वंशजांना ही साधनं किती उपयोगी पडतील याचा विचार केला तर अंगावर काटा येतो. आणि शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं तर या दप्तरात अस्तित्व फक्त 'हल्ला झाला' एवढ्यापुरतं, जमीन त्यांची असून. १७७८ मध्ये त्यांनी बूनला पकडलं, त्यांचा मुखिया ब्लॅकफिश यानं त्याला मुलगा मानलं, चार महिने तो त्यांच्यात राहिला. ते नातं कुठल्याच वंशवृक्षात बसत नाही.

आता जमीन. माझं स्पष्ट मत सांगते : सरहद्दीवरचा माणूस शोधायचा असेल तर माणसाच्या मागे लागू नका, जमिनीच्या मागे लागा. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्यानं, १७७८ च्या आधी केंटकीत वस्ती केलेल्याला ४०० एकरांचा हक्क मिळाला आणि लगतचे १००० एकर विकत घेण्याचा पहिला मान. त्यासाठी चार कागद व्हायचे : वॉरंट (म्हणजे जमीन मोजून घेण्याचा परवाना), नोंद, मोजणी, सनद. चारही वेगवेगळ्या तारखांचे, कधी चार वेगवेगळ्या माणसांच्या नावांचे, कारण मधल्या मध्ये हक्क विकले जायचे. केंटकीच्या लँड ऑफिसनं यातले बरेच कागद स्कॅन करून मोफत ठेवलेत, व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयानंही. लोक सनद बघतात आणि थांबतात. खरी गंमत मोजणीच्या कागदावर असते, कारण तिथं मोजणीची साखळी धरणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात, आणि साखळी धरायला बहुधा भाऊ, मेहुणा, पुतण्या असाच कुणीतरी घरचा नेत.

मोजणीचा मजकूर वाचला की हसू येतं. अमुक ओढ्याच्या काठच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून उत्तरेकडून चाळीस अंश पूर्वेला १८० पोल, दोन शुगर मेपलपर्यंत, मग हिकरीच्या झाडापर्यंत, मग परत सुरुवातीला. आपली चतुःसीमाच, फक्त पूर्वेस अमक्याचे शेत असं म्हणायला शेजारी नव्हता म्हणून झाडं. पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे आपली ३३ फुटी साखळी, आणि दोन पोल बाय दोन पोल म्हणजे बरोबर एक गुंठा. हे मला स्वयंपाकघराच्या टेबलावर रात्री अकरा वाजता लक्षात आलं आणि मी आईला फोन लावला. तिला फारसं कौतुक वाटलं नाही.

आलेखाच्या कागदावर कोनमापक घेऊन मी आजींच्या पणजोबांच्या पणजोबांची जमीन काढली. शेवटची रेघ पहिल्या ओकला भेटेचना, बरंच अंतर उरलं. आधी वाटलं माझं चुकलं. मग कळलं, तिथं निम्म्या मोजण्या अशाच. एकावर एक दावे, छपरावरच्या कौलांसारखे. बून स्वतः मोजणीदार होता, आणि त्याच्या स्वतःच्या जमिनी याच घोळात गेल्या. १७९८ मध्ये साक्षीला आला नाही म्हणून त्याच्यावर अटकेचं वॉरंट निघालं, आणि त्याच वर्षी केंटकीच्या विधिमंडळानं एका काउंटीला त्याचं नाव दिलं. पुढच्या वर्षी तो मिसूरीला निघून गेला, तेव्हा ते स्पॅनिश राज्य होतं. तिथं मिळालेले सुमारे ८५० एकरही अमेरिकेनं तो मुलूख घेतल्यावर कागद अपुरे म्हणून गेले, आणि १८१४ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, खास कायदा करून परत दिले. ते त्यानं विकले, केंटकीतली देणी फेडायला. १८२० मध्ये मुलाच्या घरी वारला.

नाव शोधताना एक पथ्य. बून स्वतः सही करताना शेवटी 'ई' लावायचा, कारकून लावायचे नाहीत. दोन्ही तऱ्हांनी शोधा. टेनेसीत एका झाडावर बूननं अस्वल मारल्याचं कोरलेलं होतं म्हणतात, त्यात 'ई' नाही, म्हणून जाणकार नाक मुरडतात. आता यंत्र हस्ताक्षर वाचून संपूर्ण मजकुरात शोध घेतं, २०२४ पासून ही सोय आली आणि तिनं माझे दोन महिने तरी वाचवले असतील. पण जुन्या लिखाणातला लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, तिथं यंत्रही फसतं. मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काही लिहून घेऊ नका.

पैशांचं. एका वर्गणीवाल्या साईटला मी सहा महिने पैसे भरले. त्यातलं जे उपयोगी होतं ते जवळपास सगळं मोफतही मिळालं असतं, आणि वर्गणी आपोआप पुढं चालू राहिली ती बँकेचा मेसेज आल्यावर कळली. तुम्ही एक महिना घ्या, यादी करून बसा, काम उरका, बंद करा.

आणि ड्रेपरचे कागद. लायमन ड्रेपर नावाच्या गृहस्थानं आयुष्यभर सरहद्दीवरच्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, कागद जमवले. सुमारे ५०० खंड, मूळ विस्कॉन्सिनला, मायक्रोफिल्मच्या प्रती बऱ्याच ग्रंथालयांत. १८५१ मध्ये तो बूनचा धाकटा मुलगा नेथन याच्याकडे जाऊन राहिला आणि त्याच्याकडून, त्याच्या बायकोकडून सगळं उतरवून घेतलं. बूनचं चरित्र मात्र त्याच्या हातून कधी पुरं झालं नाही. जमवण्याचं व्यसन काय असतं, ते मला आता कळतं.

तिथंच गाठ सुटली. डॅनियलला इस्रायल नावाचा थोरला भाऊही होता. तो १७५६ मध्ये, तिशीत वारला, आणि त्याची जेसी आणि जोनाथन ही मुलं डॅनियल-रिबेकानं सांभाळली. पुढं डॅनियलनं स्वतःच्या एका मुलाचं नाव इस्रायल ठेवलं, एकाचं जेसी. बाप स्क्वायर, भाऊ स्क्वायर. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसाच प्रकार, फक्त इथं त्यात अडीचशे वर्षं सगळे गुरफटलेत. डॅनियलच्या सहा मुलांपैकी एक तान्हेपणी गेला, जेम्स १७७३ मध्ये आणि इस्रायल १७८२ मध्ये मारला गेला, म्हणजे बून आडनाव पुढं गेलं ते तिघांकडूनच. आजींच्या बायबलातली ओळ पुतण्याच्या शाखेची असावी. ओढे जुळतात, साखळी धरणाऱ्यांची नावं जुळतात. मधला एक कागद अजून हाती यायचाय, त्यासाठी जूनमध्ये एका काउंटीच्या कोर्टात जाणार आहे.

आजींना सांगायला मी चार दिवस लावले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे डॅनियलनं वाढवलं ना?"

"हो, पोरं त्याच्याच घरात वाढली."

"मग झालं तर," म्हणाल्या, आणि जुलैच्या कुटुंबमेळाव्याचा टी-शर्ट कपाटातून काढून दाखवला. मागे मोठ्या अक्षरांत छापलंय, डॅनियलचं रक्त. माझ्यासाठीही एक मागवलाय, मीडियम साईजचा.