जीपी-५ गॅस मास्क : गॅरेजसाठी अजिबात घेऊ नका

भाच्याने ऑनलाइन मागवलेला हा सोव्हिएत मास्क. स्प्रे पेंटिंगला चालेल का, हा त्याचा प्रश्न. मी फौजेत एनबीसीचं (अणू, जैविक, रासायनिक हल्ल्यांपासून बचावाचं) ट्रेनिंग घेतलेला माणूस, म्हणून रिव्ह्यू माझ्या गळ्यात.

आधी माल. करडं रबर, पट्टे नाहीत, सगळं डोकं आत घालायचं. इतक्या वर्षांनीही कुठे तडा नाही. डोक्याचा घेर मोजूनच साइज घ्या, विक्रेता विचारत नाही. सोबतचा फिल्टर मात्र वापरू नका. या जुन्या फिल्टरांत ॲस्बेस्टॉस आढळलेलं आहे, शिवाय मुदत केव्हाच संपलीय.

फिल्टर काढून मास्क घातला. दोन गोल काचांतून समोरचं दिसतं, पायाखालचं नाही. भाच्याला म्हटलं पाना दे, तर त्याचं आपलं "काय मामा? काय मामा?" साताऱ्याचा मे महिना, हनुवटीपाशी घामाचं डबकं. फौजेत याच्या जोडीला जाड सूट, हातमोजे, रबरी बूट. त्या अवतारात नेम धरायचा, वायरलेसवर बोलायचं, पाणी प्यायचं. सेनापतींना विषारी वायू का नकोसा, ते तिथेच कळतं.

युद्धात विषारी वायू वापरायला बंदी घालणाऱ्या १९२५च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने सगळे गप्प बसले, हे मला पटत नाही. इटलीने त्यावर सही केली होती, तरी १९३५-३६ला अबिसिनियात (आजच्या इथिओपियात) कातडीला फोड आणणारा मस्टर्ड गॅस टाकलाच. खरी गोम अशी, की वायू सोडलेल्या जमिनीवरून पुढे आपल्यालाच जायचं असतं. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीनची साडेपाच हजारांवर नळकांडी उघडली. फ्रेंच फळीला मोठं भगदाड पडलं, पण त्यातून घुसायला जर्मनांकडे पुरेशी राखीव फौज नव्हती आणि त्यांचे शिपाई स्वतःच त्या ढगाला बिचकत होते. चारच दिवसांनी आपली, म्हणजे हिंदी फौजेची, लाहोर डिव्हिजन तिथे वायूत सापडली. जमादार मीर दस्त यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच दिवसाचा. सप्टेंबरात फ्रान्समधल्या लूसला इंग्रजांनी वायू सोडला. वाऱ्याने साथ दिली नाही, काही ठिकाणी तो त्यांच्याच खंदकांत परतला.

मग मास्क सुधारले आणि वायूचा धाक ओसरला. १९३८मध्येच ब्रिटनने नागरिकांसाठी ३ कोटी ८० लाख मास्क काढले होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडे टाबून या नर्व्ह गॅसचे हजारो टन साठले, पण शत्रूकडेही ते असेल, उलटा मारा होईल, ही धास्ती; वर त्यांचं बरंचसं सैन्य घोड्यांच्या ओढीवर, आणि घोड्यांना वायूपासून वाचवणं अवघड. वायू पडला तो बहुतेक मास्क नसलेल्यांवर किंवा अपुरा असलेल्यांवर: अबिसिनिया, चीन, इराणी शिपाई, १९८८ला इराकमधल्या हलब्जाचे कुर्द.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही रबराला. पेंटसाठी सेफ्टीच्या दुकानातून ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (पेंट-थिनरची वाफ अडवणाऱ्या फिल्टरचा) हाफ मास्क घ्या. टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा) मारत असाल तर तेवढ्यानेही भागत नाही, बाहेरून ताजी हवा येणारा हूड लागतो.