साताऱ्यातील एसयूव्हीसाठी हायवे टायर की ऑल-टेरेन?
साताऱ्यातील गाडी एकाच आठवड्यात पुणे-बंगळूर महामार्गावर धावते, यवतेश्वर घाट चढून कासकडे जाते आणि शेताच्या पाणंदीतही उतरते. त्यामुळे टायर बदलताना हायवे टेरेन (मुख्यतः डांबरी रस्त्यासाठीचे हायवे टायर) घ्यावेत की ऑल-टेरेन (डांबरासोबत कच्च्या वाटांसाठीही बनवलेले), हा प्रश्न इथे खरोखर अवघड होतो.

हायवे टायरच्या नक्षीचे ठोकळे एकमेकांना लागून असल्याने डांबराला अधिक रबर टेकते, आवाज कमी येतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी सहसा कमी अंतरात थांबते. ऑल-टेरेनचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद व खोल असतात, बाजूची भिंतही बहुधा जाड असल्याने धारदार खडीने ती सहजी फाटत नाही. मात्र वजन वाढते, इंधन थोडे जास्त लागते आणि वेग वाढला की घोंघावणे सुरू होते. शिवाय काळी चिकट माती खाचांत भरली की हा टायरही घसरतो, जे विक्रेते क्वचितच सांगतात.

ज्यांचा बहुतेक प्रवास, अगदी घाटातलाही, डांबरावरून होतो, त्यांनी माझ्या मते हायवे टायरच घ्यावेत. बामणोलीकडच्या कच्च्या वाटा किंवा उसाचे शिवार रोजचे असेल, तरच ऑल-टेरेनचा खर्च पटतो. दोन्ही प्रकार एकाच गाडीला मिसळून बसवू नयेत.

कोणताही घेतला तरी टायरच्या बाजूवरील उत्पादनाचे चार अंक पाहावेत: २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. जुन्या टायरची नक्षी झिजून खाचांतल्या १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणेला टेकली असेल, तर खरेदी पावसाळ्यापूर्वीच उरकावी.