जुन्या मॉडेल रेल्वेचा सौदा करताय? आधी पॉवर पॅक उलटा करून पाहा

मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्या आणि जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत बसणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. सोलापुरात असाच एक जुना सेट घेताना माझे साडेनऊ हजार गेले. घर बुडावं एवढी ही रक्कम नाही, पण ती ज्या सफाईने काढून घेतली ती पद्धत सगळ्यांना माहीत असलेली बरी. तो विकणारा अजून धंद्यात आहे.

आपल्यासारख्यांना जुनं सामान का शोधावं लागतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून एकदम 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 झालं. वर 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा. परदेशातला नवा सेट मागवायचा म्हणजे नोकरदाराच्या खिशाबाहेरचं काम. मग कुणाचे तरी अमेरिकेतले काका, त्यांचं माळ्यावर पडलेलं खोकं आणि ‘जागा रिकामी करायची आहे, लवकर न्या’ अशी जाहिरात दिसली की हात लगेच फोनकडे जातो.

याच्याही जाहिरातीत काका होतेच, पण आजोबाही होते. आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात, काका शिकागोला, आणि काकांनी आजोबांसाठी बार्शी लाइट रेल्वेचं, म्हणजे आपल्या भागातल्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचं, इंजिन खास बनवून घेतलेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या रेल्वेवेड्याला विरघळवायला याहून चांगली गोष्ट सापडणार नाही. फोटोत काळं वाफेचं इंजिन आणि त्याच्या अंगावर पिवळ्या अक्षरांत बी. एल. आर. त्यातला ‘आर’ थोडा तिरका चिकटवलेला.

ही थाप पट्टी लावली की उघडी पडते. बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 762 मिलिमीटर. त्याचा सेट एचओ स्केलचा, म्हणजे मूळ गाडीचा 87 वा भाग, म्हणजे त्या मॉडेलचे रूळ जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर अंतरावर हवेत. त्याचं इंजिन साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर उभं होतं, म्हणजे रुंद, स्टँडर्ड गेजचं, यार्डात डबे हलवणारं साधं अमेरिकन शंटिंग इंजिन, वर रंग आणि अक्षरं मारलेलं. हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘साहेब, तुम्ही जाणकार दिसता, मग हजार कमी करतो.’’ आपण चोर पकडला या खुशीत गिऱ्हाईक पुढचं काही तपासत नाही, आणि त्याला तेवढंच हवं असतं. मला आता वाटतं, तो ‘आर’सुद्धा मुद्दाम तिरका असेल.

खरी मेख पॉवर पॅकमध्ये, म्हणजे घरची वीज कमी व्होल्टची करून रुळांना देणाऱ्या डब्यात होती. विजापूर रोडच्या एका भाड्याच्या खोलीत टेबलावर रुळांचं गोल कडं मांडलेलं. इंजिन झकास पळत होतं. पुढे, मागे, हळू, जोरात. पॅकची वायर भिंतीत नव्हती. टेबलाखाली करड्या रंगाचा लोखंडी डबा होता, त्यात ती खोचलेली. विचारलं तर म्हणाला, ‘‘स्टॅबिलायझर आहे, आमच्या भागात व्होल्टेज फार वरखाली होतं.’’ सोलापुरात कोण म्हणणार, की होत नाही?

घरी आणून मी पॅक भिंतीच्या सॉकेटला लावला. पहिल्यांदा जाणवली ती घरघर, तिथल्यापेक्षा कितीतरी मोठी. नॉब जरासा फिरवला तर इंजिन उडी मारून वळणावरच रुळाबाहेर पडलं, पुढचा दिवा पांढराफटक पेटला आणि गेला. मग जळक्या व्हार्निशचा वास. प्लग ओढेपर्यंत पॅकच्या फटीतून धूर यायला लागला होता.

अक्कलकोट रोडला मोटारी वायंडिंग करणारी दुकानं आहेत. यंत्रमागांच्या मोटारी तिथेच भरल्या जातात. त्यातल्या एका कारागिराकडे पॅक नेला. त्याने तो उघडायच्या आधी उलटा केला आणि तळाच्या चंदेरी स्टिकरवरून अंगठा फिरवला. स्टिकरवर लिहिलेलं: इनपुट 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. बाकीची सगळी अक्षरं प्लास्टिकमध्येच उठवलेली आणि एवढी एकच ओळ कागदाची. त्याने ब्लेडच्या टोकाने कोपरा उचलला. खाली 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. ‘‘मालक, ह्ये आपल्याकडचं न्हाई की ओ,’’ एवढंच तो म्हणाला आणि वायर दाखवली. मूळ वायरीला दोन चपट्या पिनांचा प्लग असणार. तो कापून आपल्याकडचा गोल पिनांचा जोडलेला, वर नवी काळी टेप.

म्हणजे तो करड्या रंगाचा डबा स्टॅबिलायझर नव्हता, 230 चे 110 करणारा स्टेपडाउन होता. नाहीतर पॅक त्याच्याच टेबलावर जळला असता. 120 साठी भरलेल्या वायंडिंगला 230 दिले की आधी रुळावर जवळपास दुप्पट व्होल्टेज येतं, ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकत्व पेलायची मर्यादा संपते, आणि प्रायमरीतून, म्हणजे भिंतीकडच्या वायंडिंगमधून, भलताच करंट वाहून ती जळते. पॅकमधला ब्रेकर इथे उपयोगाचा नाही, तो रुळावरच्या शॉर्टसाठी असतो.

आता कुणी म्हणेल, तोच स्टेपडाउन विकत घेऊन अमेरिकन पॅक चालवायला काय हरकत आहे? चालतो, फक्त 60 हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर 50 वर थोडा जास्त तापतो, म्हणून तासन्‌तास चालू ठेवू नये. तसं सांगून विकला असता तर मीही घेतला असता, अर्ध्या किमतीत.

त्याने आणखी एक पुडी सोडली होती: ‘‘वीस अँपियरचा पॅक आहे, दहा गाड्या ओढेल.’’ पॅकवर होतं 20 व्हीए. व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर. 16 व्होल्टला 20 व्हीए म्हणजे सव्वा अँपियर. एचओचं आजचं इंजिन साधारण पाव ते अर्धा अँपियर घेतं, जुनं एक अँपियरपर्यंतही खातं. सेटसोबत येणारे छोटे पॅक 7 व्हीएच्या आसपासचे असतात, त्यावर एक इंजिन आणि चार डबे सुखाने फिरतात. दुसरं इंजिन चढवलं की दोन्ही लंगडतात. म्हणून पॅकची ताकद जोखताना व्होल्टचा आकडा नाही, व्हीएचा आकडा वाचायचा.

एसी-डीसीचा घोळ तर नेहमीचाच. एचओ आणि त्याहून लहान एन स्केलची साधी इंजिनं डीसीवर, साधारण 12 व्होल्टवर चालतात. अमेरिकन लायोनेल कंपनीच्या जुन्या, मोठ्या मापाच्या ओ गेज गाड्या आणि जर्मन मार्कलिनच्या जुन्या तीन-रुळी गाड्या एसीवर. मार्कलिनच्या पोटाखाली मधल्या पट्टीवर घासणारा लांब स्लायडर असतो, आणि चाकं इन्सुलेटेड नसतात, त्यामुळे ते दोन-रुळी डीसी ट्रॅकवर ठेवलं की थेट शॉर्ट. लायोनेलचा 275 वॅटचा झेडडब्ल्यू ट्रान्सफॉर्मर पाहून अनेकांची लाळ गळते. वस्तू दणकट आहे, पण तोही 120 व्होल्टचाच, आणि एसी देणारा. एचओचं डीसी इंजिन त्याला जोडलंत तर ते जागेवर थरथरेल, तापेल आणि मोटर जाईल.

पाहायला जाताना मल्टिमीटर आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 10 वॅटचा बल्ब दोन वायरी लावून सोबत न्यावा. तो पाऊण अँपियरच्या वर घेतो, म्हणजे दोन इंजिनांचा भार झाला. पॅक भिंतीच्या सॉकेटला लावायला सांगायचं, मधे कुठलाही डबा नको, आणि बोर्डाचं बटण त्यालाच दाबायला लावायचं. नॉब वाढवून मीटरवर 12 आणा आणि बल्ब जोडा. काटा थोडा उतरेल. धाडकन सात-आठवर आला तर पॅक दोन इंजिनांच्या कामाचा नाही. नंतर दहा मिनिटं बल्ब तसाच पेटता ठेवून चहा मागवा. प्रामाणिक विकणाऱ्याला चहाची अडचण नसते.

पैशाचं सांगायचं तर हजाराचं टोकन यूपीआयने गेलं, बाकी त्याने रोखच घेतले, ‘‘बँकेचं लफडं नको’’ म्हणून. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रारही नोंदवली, पण कागदावर पुरावा आहे तो त्या हजाराचाच. त्याचा नंबर आता बंद लागतो. पोलीस ठाण्यात अर्ज देताना स्टिकरचा, कापलेल्या प्लगचा आणि जाहिरातीचा फोटो जोडला. जाहिरात दिसेनाशी व्हायच्या आधी तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, तो कामी आला.

इंजिनाची मोटर वाचली, दिवा बदलला. ते माझ्या कपाटात आहे. तरीही पंढरपूरच्या एका ओळखीच्याला परवा जाहिरात आली. पत्ता कोल्हापूरचा, आजोबांच्या जागी आता पणजोबा, किंमत अकरा हजार आणि फोटो त्याच तिरक्या ‘आर’चा.