सीपॅप घ्यायचं की माउथपीस? रात्रीचं बीपी बघा आणि मग ठरवा

दादाच्या स्लीप टेस्टमध्ये तासाला २६ वेळा श्वास अडकतो असं आलं, म्हणजे मध्यम प्रकारातला स्लीप ॲप्निया, आणि घरात लगेच दोन तट पडले. वहिनी म्हणाली सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, घेऊन टाकू, दादा म्हणाला तोंडाला नळी लावून मी काय झोपणार नाही, डेंटिस्टकडून तो जबड्याचा माउथपीस करून घेतो. गेले चार महिने मी या दोन्हींच्या मागे आहे. ज्यांना बीपीची गोळी पण चालू आहे आणि हाच निर्णय समोर आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चांगल्या झोपेत आपलं बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली येतं, रक्तवाहिन्यांना चोवीस तासांत तेवढाच काय तो विसावा. ॲप्नियात घसा मिटतो, ऑक्सिजन उतरतो, मानेतल्या धमनीपाशी ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी एक बारीक गाठ असते (कॅरॉटिड बॉडी) ती मेंदूला कळवते, मग रक्तवाहिन्या आवळल्या जातात, माणूस अर्धवट जागा होऊन घोरत श्वास ओढतो आणि नेमकं त्याच क्षणी बीपी उसळतं. तासाला २६ धरले तर सात तासांत हे पावणेदोनशेच्या वर वेळा होतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड निघतो, तिला सैल ठेवणारा, तो कमी पडायला लागतो आणि भिंत हळूहळू कडक होत जाते. सकाळचं डोकं दुखणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं हे बरेच जण शुगर नाहीतर प्रोस्टेटच्या नावावर टाकतात, पण ॲप्नियातही तसंच होतं.

म्हणून पहिली तुलना मोजण्याची. दवाखान्यात दादाचं बीपी १३२/८४, डॉक्टर म्हणाले बरं आहे. मग २४ तासांचं बीपी लावलं, लोक त्याला बीपी होल्टर म्हणतात, दंडाला पट्टा आणि कमरेला छोटी डबी, दिवसा दर वीस मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या तासानं पट्टा फुगतो. त्या रात्री मी तिथेच होते, दोन वाजता तो घर्रर्र आवाज, दादाचा हात गादीवरून जरा उचलला गेला आणि तो परत घोरायला लागला. रिपोर्टमध्ये दिवसाची सरासरी १३१/८२ आणि रात्रीची १३६/८४, म्हणजे उतरायचं सोडून चढलेलं! युरोपातल्या गाइडलाइनमध्ये रात्रीची हद्द १२०/७० आहे, अमेरिकेतली तर ११०/६५. घरचं मशीन वाईट नाही, सकाळी उठल्यावर लघवी करून गोळीच्या आधी पाच मिनिटं शांत बसून मोजा, आठवडाभर १३५/८५ च्या वर येत असेल तर तो इशाराच आहे, पण रात्री काय चाललंय ते साधं घरचं मशीन दाखवत नाही. पट्ट्यानं झोपमोड होते हे खरं, आणि अर्ध्या तासातून एकदा मोजल्यावर मधल्या कितीतरी उसळ्या निसटतात हेही खरं, तरी दोनातलं एक निवडायचं तर मी होल्टरच सांगेन.

आता मूळ भांडण. श्वास अडकणं थांबवण्यात सीपॅपला तोड नाही, नाकातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं, १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी शोधलं तेव्हापासून हाच पहिला उपाय आहे. माउथपीस खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतो, त्यानं अडकणं कमी होतं पण सीपॅपइतकं नाही. कागदावर सामना इथेच संपायला हवा होता. पण बीपीचे आकडे बघितले तर तसं दिसत नाही, सीपॅपनं बीपी सरासरी दोन-तीन पॉइंटच उतरतं. स्पेनमध्ये २०१३ साली तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी न उतरणाऱ्या १९४ ॲप्निया पेशंटवर अभ्यास झाला, तिथे १२ आठवड्यांत सीपॅपवाल्यांची चोवीस तासांची सरासरी बाकीच्यांपेक्षा साधारण ३ पॉइंटनं जास्त उतरली आणि रात्री बीपी नीट उतरणाऱ्यांचं प्रमाण सीपॅपवाल्यांत ३६ टक्के, बाकीच्यांत २२ टक्के. उलट २०१६ च्या सेव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात २७१७ हृदयविकार किंवा स्ट्रोकचे पेशंट होते, तिथे सीपॅप लावून हार्ट अटॅक-स्ट्रोक कमी झालेच नाहीत. पण ते लोक मशीन सरासरी रात्री ३.३ तासच लावत होते!

मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, तास. दादानं महिनाभर मशीन भाड्यानं आणलं होतं. ॲपवर रोज साधारण तेच, ११.१० ला चालू, ३.२० ला बंद, आणि सकाळी मास्क उशीखाली सापडायचा, नाकाच्या हाडावर लाल वण. चार तास झाले म्हणून ॲप खूश, कारण चार तास म्हणजे वापर ठीक असा हिशोब सगळीकडे चालतो. पण स्वप्नांची झोप, ज्याला रेम म्हणतात, ती जास्त करून पहाटे येते, त्यात घशाचे स्नायू सगळ्यात ढिले पडतात आणि अडकणं बऱ्याच जणांचं तेव्हाच वाढतं. म्हणजे ज्या वेळी मशीन सगळ्यात जास्त हवं त्याच वेळी ते उशीखाली.

माउथपीस इथे भाव खाऊन जातो, लोक तो रात्रभर ठेवतात. सिंगापूरमध्ये बीपी आणि हृदयाचा धोका असलेल्या २२० जणांवर दोन्हींची थेट तुलना झाली, २०२४ मध्ये छापून आली, सहा महिन्यांनी माउथपीसवाल्यांची चोवीस तासांची सरासरी २.५ नं उतरली, सीपॅपवाल्यांची जागची हलली नाही, आणि सगळ्यात जास्त फरक झोपेतल्या बीपीत होता. सहा तासांच्या वर वापरणारे माउथपीसमध्ये ५६ टक्के, सीपॅपमध्ये २३. पण म्हणून सगळ्यांनी तिकडे पळू नका. ॲप्निया तीव्र असेल (तासाला ३० च्या वर), ऑक्सिजन खूप खाली जात असेल, गाडी चालवताना डोळे मिटत असतील तर सीपॅपच. दात कमी असतील, कवळी असेल, जबड्याचा सांधा दुखत असेल तर माउथपीस जमणार नाही. सुरुवातीला लाळ गळते, सकाळी जबडा अवघडतो, वर्षानुवर्षं वापरला तर दातांची ठेवण थोडी सरकते. आणि तो घालून स्लीप टेस्ट परत करायलाच हवी, घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया गेला असं नाही.

सीपॅप घेणाऱ्यांनी सरळ विकत न घेता महिनाभर भाड्यानं घ्या, दोन-तीन प्रकारचे मास्क लावून बघा, लाइट जात असेल तर इन्व्हर्टरचा विचार आधीच करा, ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारा भाग) बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते. पहाटे मास्क निघत असेल तर तो का निघतो ते शोधा, हवा गळते, नाक चोंदतं की दाब जास्त वाटतो. रक्तवाहिन्यांसाठी ही धडपड वाया जात नाही. साओ पाउलोमध्ये २००७ साली तीव्र ॲप्नियाच्या २४ पेशंटवर छोटासा अभ्यास झाला, चार महिने सीपॅप लावलेल्यांत धमन्यांचा कडकपणा आणि मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी दोन्ही कमी झाली.

वजन उतरवणं हा तिसरा पर्याय नाही, दोन्हींच्या जोडीचा आहे. टिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शननं वर्षभरात तासाला २५-३० अडकणी कमी झाली, २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या ॲप्नियासाठी मंजुरीही मिळाली, पण त्याला वर्ष जातं आणि तेवढे महिने रात्री उघड्या सोडायच्या का? शिवाय आपल्याकडे शिडशिडीत माणसांनाही जबड्याच्या ठेवणीमुळे ॲप्निया असतो. बीपीची गोळी सकाळऐवजी रात्री घेऊन भागेल असंही समजू नका, ब्रिटनमध्ये २१ हजार लोकांवर बघितलं, वेळेनं हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक पडला नाही. गोळ्यांचे बदल डॉक्टरांनाच करू द्या.

दादाचा ॲप्निया मध्यम, दात चांगले, मशीन चार तासांच्या पुढे जाईना, म्हणून शेवटी माउथपीस केला. पुढच्या महिन्यात तो घालून स्लीप टेस्ट आणि परत होल्टर आहे. रात्रीचा आकडा खाली आला नाही तर दुसरा मास्क घेऊन परत सीपॅप, हे त्यानं स्वतःच वहिनीला कबूल केलंय.