ग्राफीन की प्लॅटिनम? उंदराच्या कॉर्टेक्सवर दोन्ही ठेवून बघितल्यावर

नवीन प्रोजेक्टसाठी कॉर्टेक्सवर (मेंदूच्या वरच्या थरावर) ठेवायला कुठली अ‍ॅरे, म्हणजे इलेक्ट्रोडची पातळ पट्टी, घ्यावी या घोळात असाल तर वाचा, माझ्या हातून दोन्ही गेलीयेत.

प्लॅटिनम-इरिडियमला नावं ठेवायला जागाच नाही. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून कानात बसवतात ते) म्हणा, डीबीएस (मेंदूत खोलवर विजेची स्पंदनं देणं) म्हणा, कित्येक वर्षं तेच चाललंय, एथिक्स कमिटीपुढे फार समजावत बसावं लागत नाही. ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकेरी थर, त्यामानाने कालचं पोर. 2004 मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलले तिथून सुरुवात, आणि माणसाच्या मेंदूला पहिल्यांदा लागलं ते थेट 2024 मध्ये, शेजारच्याच साल्फर्डला, तेही ट्यूमरच्या ऑपरेशनपुरतं.

माझं घोडं अडलं ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. इलेक्ट्रोडखाली टिश्यू काय म्हणतोय ते प्लॅटिनममधून दिसतच नाही, जिथे बघायचं नेमकी तिथेच धातूची टिकली. मग सहा आठवडे थांबा, उंदीर मारा, मेंदू बाहेर काढा आणि अ‍ॅरे उचलायला गेलं की खालचा थर चिमट्यासोबत वर. एकदा जीएफएपीचं स्टेनिंग (व्रणाच्या पेशी रंगवून दाखवणारं) करून स्लाइड लावली तर इलेक्ट्रोडखालची जागाच फाटलेली, व्रण होता की नव्हता देव जाणे. असे चार उंदीर फुकट गेले आणि त्यानंतर माझं मन उडालं ते उडालंच.

एका थराचं ग्राफीन साधारण 97.7 टक्के प्रकाश सोडतं. त्यामुळे कवटीत बसवलेल्या काचेच्या खिडकीखाली ठेवून तोच उंदीर दर आठवड्याला टू-फोटॉन मायक्रोस्कोपखाली घेता आला, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या बचावाच्या पेशी) फांद्या आखडून गोळा झालेत, म्हणजे चिडलेत, की निवांत पसरलेत ते समोरच दिसतं. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात गोळा होत्या, तिसऱ्यात बऱ्याचशा पसरलेल्या. मोजून ग्राफ वगैरे काढलेला नाही हां, डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

आता ग्राफीन म्हणजे डोळे झाकून सुरक्षित असंही नाही. सुटे कण वेगळे आणि सीव्हीडीची (वायूतून तांब्यावर वाढवलेली) फिल्म वेगळी, एकाचा रिझल्ट दुसऱ्याला लावू नका. तांब्यावरून फिल्म उचलताना पीएमएमए (फिल्म उचलायला लावतात ते प्लॅस्टिक) किंवा तांब्याचा अंश मागे राहिला तर पेशी कुरकुरणार आणि बदनाम ग्राफीन होणार, म्हणून बॅच तपासून घ्या. शिवाय बऱ्याचशा जागेवर पॅरिलीनच (अ‍ॅरेचं प्लॅस्टिकचं आवरण) टेकलेलं असतं, तेही बघा. स्टिम्युलेशन (मेंदूला विजेची स्पंदनं) द्यायचं असेल तर एका थराची ताकद तोकडी पडते, सच्छिद्र रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड चालतं पण ते काळं, म्हणजे पुन्हा आरपार दिसणं गेलं.

तेवढ्यासाठी प्लॅटिनमवाली अ‍ॅरे ठेवलीये कपाटात, या वर्षी दोनदाच बाहेर निघाली.